एक चाक गरगर, दुसरं ढिम्म: कमी खर्चात एलएसडीची दुरुस्ती

मागच्या चाकांवर चालणारी गाडी चिखलात अडकली की एक दृश्य हमखास दिसतं. एक चाक गरगरा फिरत धक्का मारणाऱ्यांच्या कपड्यांवर लाल राडा उडवत असतं. दुसरं चाक, जे चांगल्या घट्ट जमिनीवर आहे, ते मात्र ढिम्म. ॲक्सिलरेटर जितका दाबाल तितकं फिरणारं चाक जास्त फिरतं, बसलेलं बसलेलंच राहतं. बघे म्हणतात, "गाडीत दम नाही." दम भरपूर असतो. घोटाळा वाटणीत असतो, आणि ती वाटणी करणाऱ्या भागाचं नाव डिफरन्शियल.

आपल्या अंकात पाककृती, सहली आणि दहावी-बारावीनंतरचं मार्गदर्शन नेहमी येतं. या वेळी थोडं काळ्या तेलाचं लिहितो. मी बीई मेकॅनिकल करून पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरात गेलेल्या पिढीतला. त्यामुळे उद्यमबागेतल्या एखाद्या शेडमध्ये हात काळे करायची संधी मिळाली की रविवार सत्कारणी लागल्यासारखा वाटतो. गाडी तुमची असो की वडिलांची, तिच्या पोटात काय चालतं ते थोडं कळलं तर गॅरेजात फसवणूक कमी होते, हाही एक फायदा आहेच.

आधी डिफरन्शियल का लागतं ते बघू. बैलगाडीला ते लागत नाही, कारण तिची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात आणि ओढायचं काम बैलांचं असतं. मोटारीत चाकांनाच ओढायचं असतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली तर सरळ रस्त्यावर ठीक, पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर आहे असं धरा आणि अर्धवर्तुळाचं वळण घ्या. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा दीड गुणिले पाय, म्हणजे सुमारे ४.७ मीटर जास्त चालतं. गंमत अशी की वळण लहान असो की मोठं, फरक तेवढाच येतो. चोर्ला घाटातलं हेअरपिन असो की मोठ्या मैदानाला घातलेली अर्धी फेरी, ४.७ मीटर ते ४.७ मीटर. हा फरक कुठेतरी मुरवायला हवा. नाहीतर टायर घासत फरफटतो किंवा ॲक्सलला पीळ पडतो. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्योरने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चाकांचा उपाय काढला. तत्त्व आजही तेच आहे: मधल्या पेटीत छोटे गिअर, दोन बाजूंना दोन चाकांचे गिअर. पेटी फिरते, आणि गरज पडली की आतले छोटे गिअर स्वतःभोवती फिरून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने जाऊ देतात.

पण या यंत्रणेचा एक हट्ट आहे. गती वेगळी चालेल, पीळ मात्र दोघांना सारखाच. पंगतीत धाकट्याला पेलवेल तेवढंच थोरल्याच्या पानात वाढायचं, असा प्रकार. चिखलातलं चाक जवळजवळ काहीच विरोध करत नाही, म्हणून त्याला पीळ नगण्य मिळतो. त्याच कायद्याने घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य. इंजिन कितीही अश्वशक्तीचं असो, काही उपयोग नाही.

यातून मार्ग काढणारी वस्तू म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, थोडक्यात एलएसडी. (हा शब्द आमच्या घरी जेवताना पहिल्यांदा उच्चारला तेव्हा आईने डाव हातातच धरून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती सांगण्यासारखी नाही.) हिचा मोठा इतिहास शर्यतीच्या गाड्यांचा आहे. १९३०च्या दशकात ऑटो युनियनची ग्रां प्री गाडी फर्डिनांड पोर्शने आखली. तिच्यात इतकी ताकद होती की चांगल्या वेगातही मागचं एक चाक जागच्या जागी फिरायचं. तेव्हा १९३५ मध्ये झेडएफ या जर्मन कंपनीकडून त्याने घसरण आवरणारं डिफरन्शियल बनवून घेतलं. पुढे तिचे अनेक प्रकार आले: दाट द्रवावर चालणारे, तिरप्या दात्यांच्या गिअरवर चालणारे, पूर्ण लॉक होणारे. त्या सगळ्यांत घरगुती बजेटात हात घालता येईल असा प्रकार एकच, प्लेटांचा. म्हणून मी त्याच्यापुरतंच बोलतो.

प्लेटांची एलएसडी म्हणजे मोटारसायकलच्या क्लचची चुलत बहीण. पेटीच्या आत दोन्ही बाजूंना प्लेटांचा एकेक गठ्ठा असतो. त्यातल्या काही प्लेटांना बाहेर कान असतात, ते पेटीत अडकतात. उरलेल्यांना आतून दाते असतात, ते चाकाच्या गिअरवर बसतात. गठ्ठा दाबलेला असला की पेटी आणि चाक यांच्यात घर्षण तयार होतं. एक चाक पळायला लागलं की हे घर्षण त्याला मागे खेचतं आणि दुसऱ्याला पुढे ढकलतं. दाब दोन ठिकाणांहून येतो. एक, बशीच्या आकाराच्या पोलादी स्प्रिंगा, ज्या कायम दाबतात. याला प्रीलोड म्हणतात. दुसरा, इंजिनाच्या पिळानेच आलेला. पेटीतला दांडा तिरप्या खाचेत बसलेला असतो. पीळ वाढला की तो खाचेच्या उतारावर चढतो आणि दोन्ही रिंगा बाहेर ढकलून गठ्ठे आणखी आवळतो. खाचेचा कोन किती, त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. कोन बदलायचा तर नव्या रिंगा घ्याव्या लागतात, ते महाग. प्लेटा आणि स्प्रिंगा मात्र आपल्या आवाक्यात आहेत.

आता आमची गाडी. पंधरा वर्षांची, दोन मालकांकडून आलेली, मागच्या चाकांवर चालणारी जपानी बनावटीची दणकट एसयूव्ही. कागदावर एलएसडी आहे. माझी आज्जी जांबोटीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत दोन किलोमीटरवर राहते. ती बेळगावात राहायला येत नाही, आणि का येत नाही यावर आमच्याकडे दर दिवाळीत चर्चा होते. तो भाग कणकुंबीच्या बाजूचा, मलप्रभेच्या उगमाजवळचा. तिथला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला जून ते सप्टेंबर त्या दोन किलोमीटरचं काय होतं ते सांगायला नको. गेल्या जुलैत रात्री आज्जीला धाप लागली. काकांनी फोन केला, मी पोहोचलो, तिला मागच्या सीटवर आडवं केलं आणि परत फिरताना ओढ्याच्या चढावर गाडी थांबली. डावं चाक चरात फिरतंय, उजवं जांभ्या दगडावर गप्प. ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत पाऊण तास गेला. आज्जी आता ठणठणीत आहे आणि त्या रात्रीबद्दल बोलायला लागलं की "तुमचीच जास्त धावपळ" म्हणते. पण तो पाऊण तास मला पुन्हा नको होता.

नवीन फोर बाय फोर घ्यायची म्हणजे पंधरा लाखांची गोष्ट. प्लेटांचा मूळ संच परदेशातून मागवायचा तर कस्टमसह बासष्ट हजार, असं मला सांगण्यात आलं. भंगार बाजारात अख्खं डिफरन्शियल पस्तीस हजारांना होतं, पण आत काय दशा आहे याची हमी द्यायला विकणाराही तयार नव्हता.

कोणतीही वस्तू बदलण्याआधी आत्ताची स्थिती मोजायची, ही आमच्या धंद्यातली सवय. एलएसडी किती जिवंत आहे हे गाडी न उघडता मोजता येतं. पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एक चाक जमिनीवर ठेवा आणि एकच उचलून पक्क्या स्टँडवर घ्या. उचललेलं चाक काढून हबवर एक पट्टी बोल्टांनी बसवा, जिच्या बरोबर मध्यावर नट वेल्ड केलेला आहे. त्या नटाला टॉर्क पाना लावून हब सावकाश फिरवा. फिरताना जो आकडा दिसेल तो तुमच्या एका बाजूच्या गठ्ठ्याचं घर्षण. आमच्या गाडीचा आकडा आला १४ न्यूटन-मीटर. वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे ४० च्या खाली गेलं की उघडा. थोडक्यात, एलएसडी फक्त कागदावरच उरली होती.

इथे एक धोक्याची सूचना. एलएसडीच्या गाडीचं एक चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नका. साध्या गाडीत उचललेलं चाक नुसतं फिरतं. एलएसडीत जमिनीवरचं चाकही ओढतं आणि गाडी जॅकवरून उडी मारून चालू लागते.

१४ या आकड्याचा अर्थही बघू. एक चाक पूर्ण सुटलं तर दुसऱ्याला गठ्ठ्याच्या घर्षणाच्या दुप्पट पीळ मिळतो, म्हणजे २८ न्यूटन-मीटर. टायरची त्रिज्या ०.३५ मीटर धरली तर जमिनीवर ढकलण्याचं बळ ८० न्यूटन, साधारण आठ किलोचा रेटा. पावणेदोन टनाच्या गाडीला आठ किलोचा रेटा म्हणजे शाळकरी पोराने एका हाताने ढकलल्यासारखं. हाच आकडा ६० वर नेला तर १२० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे ३५ किलोचा रेटा मिळतो. हाही काही पर्वत हलवणारा नाही. पण तो बीज आहे. तिरप्या खाचा पिळाचा गुणाकार करतात, आणि शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. प्रीलोडमुळे गुणायला काहीतरी हाताशी राहतं.

सगळ्यात स्वस्त उपाय तेलाचा, आणि तो आधी करून बघायला हवा. एलएसडीला जीएल-५ दर्जाचं, त्यावर एलएसडीसाठीचं असं स्पष्ट लिहिलेलं गिअर ऑइल लागतं. त्यात घर्षण सुधारणारं एक द्रव्य मिसळलेलं असतं. ते नसलं तर प्लेटा एकमेकींना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि वळणावर मागून कडकड आवाज येतो. आधीच्या मालकाच्या गॅरेजने, नाव घेत नाही, साधं तेल भरलं होतं. तळाच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लगदा सापडला. बारीक लगदा चालतो, तो झिजेचा. तुकडे सापडले तर मात्र गोष्ट वेगळ्या वळणावर गेलेली असते. आमच्या गाडीत तेल बदलून आकडा १४ चा १५ झाला. म्हणजे उघडणं आलं.

उद्यमबागेतले आमचे मेस्त्री पंचावन्नच्या पुढचे. ट्रकांच्या क्राऊन-पिनियनवर त्यांचं आयुष्य गेलेलं. मी लॅपटॉपवर मॅन्युअल दाखवत होतो, ते चहा पीत बघत होते. मग म्हणाले, "ह्याला एवढं काय ओ साहेब, आतल्या गिअरांना वेल्डिंग मारून टाकूया की. हजार रुपयांत काम. दोन्ही चाकं एकदम फिरतंय बघा."

हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल, म्हणून त्याबद्दल लिहितो. गिअर वेल्ड केले की डिफरन्शियल संपलं, दोन्ही चाकं एका दांड्यावर आली. चिखलात, शेतात, शर्यतीच्या मैदानात हे चालतं. २०१४ पासून गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिथे चाकं पूर्ण लॉक करणाऱ्या गाड्या दिसतात आणि त्यांचं तिथलं काम तेच आहे. पण डांबरावर तो ४.७ मीटरचा फरक कुठेतरी जायलाच हवा. तो टायरातून, ॲक्सलमधून आणि शेवटी स्टिअरिंगमधून जातो. ओल्या घाटात आतलं चाक फरफटलं की गाडीची शेपूट बाहेर येते. शिवाय कडक केलेल्या गिअरवरचं वेल्डिंग बाजूने तडकतं आणि तुटलेला तुकडा क्राऊनच्या दात्यांत जातो. मागच्या सीटवर मुलं किंवा आज्जी बसणार असेल तर हा विषय तिथेच संपवावा. मेस्त्रींनाही ते माहीत होतं. मी किती पाण्यात आहे ते ते बघत होते, असा माझा संशय आहे.

डिफरन्शियल उघडताना काही गोष्टींना हात लावायचा नसतो. पिनियनचा मोठा नट ढिला करायचा नाही, कारण त्याच्या आत एकदाच चेपून बसणारी नळी असते. तो उघडला की काम तिप्पट होतं. बेअरिंगच्या दोन टोप्या डावी-उजवी अशी खूण करूनच काढायच्या, त्या जागेवरच तासलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. बाजूच्या शिमाही त्याच बाजूला परत. मेस्त्रींनी सेंटर पंचाने एका टोपीला एक टिंब आणि दुसरीला दोन टिंबं मारली. मी फोनवर चोवीस फोटो काढले. उपयोगी पडली ती टिंबं.

प्लेटा बाहेर काढून रॉकेलने धुतल्या. एका बाजूला सात: चार कानांच्या, तीन दात्यांच्या. एकही निळी पडलेली नव्हती, म्हणजे तापून जळलेली नव्हती. हे नशीब. निळी पडलेली किंवा चर पडलेली प्लेट परत घालू नये. सरफेस प्लेटवर ठेवून खाली फीलर गेज सरकतो का बघितलं. सपाटपणा ठीक होता. मग मायक्रोमीटर. मूळ जाडीच्या तुलनेत डावा गठ्ठा ०.२९ मिलिमीटर झिजलेला, उजवा ०.३१. तीन कागदांची जाडी! पण बशीची स्प्रिंग इतकी ताठ असते की तीन कागदांनी तिचा दाब कुठल्या कुठे जातो. म्हणजे रोग प्लेटांच्या पृष्ठभागात नव्हता, गठ्ठ्याच्या उंचीत होता. बासष्ट हजारांच्या संचाने उंचीच तर भरून काढली असती.

उंची भरून काढायला शिम पुरते. ०.३० मिलिमीटर जाडीचा स्प्रिंग स्टीलचा पत्रा आणला आणि कानांच्या प्लेटचा नेमका आकार वायरकटवर कापून घेतला, दोन्ही बाजूंना एकेक. बेळगावकरांना हे सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: आपल्याकडे फाउंड्री आणि मशिनशॉप यांची इतकी दाटी आहे की वायरकट, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट ही कामं एकाच फेरीत होतात. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मित्राला एवढ्या लहान कामाला कोणी दारात उभं केलं नव्हतं. शिम बसवायची ती पेटीची भिंत आणि शेवटची कानांची प्लेट यांच्यामध्ये. तिथे काहीच एकमेकांवर घासत नाही, म्हणून ०.३० चा नाजूक पत्राही टिकतो. दोन फिरत्या प्लेटांच्या मध्ये घातली तर चिंध्या होतील. कडांचे काटे बारीक दगडाने काढले आणि सगळ्या प्लेटा रात्रभर नव्या तेलात बुडवून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी खरा वाद झाला. कंपनीने प्लेटा रचताना एक आड एक रचल्या नव्हत्या. क्रम असा होता: कान, दाते, दाते, कान, कान, दाते, कान. एकाच जातीच्या दोन प्लेटा शेजारी आल्या की त्यांच्यात घर्षण होत नाही, कारण त्या एकत्रच फिरतात. मोजा: या रचनेत घासणाऱ्या बाजू फक्त चार. त्याच सात प्लेटा एक आड एक रचल्या तर सहा. जाडी तीच, स्प्रिंग तीच, खर्च शून्य, आणि घर्षण दीडपट. हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ: स्प्रिंगचा दाब ३,००० न्यूटन, तेलातला घर्षणांक ०.१, प्लेटची सरासरी त्रिज्या ०.०५ मीटर. एका बाजूला १५ न्यूटन-मीटर, चार बाजूंना ६०, सहांना ९०. एलएसडीचं फुकटातलं सगळ्यात मोठं मॉडिफिकेशन हेच आहे, आणि अशी रचना असणाऱ्या गाड्यांचे शौकीन ते आवडीने करतात.

मेस्त्री म्हणाले, "एक आड एक घालूया ओ. गाडी भिंतीवर चढतंय."

मी नको म्हणालो. मॅन्युअलमध्ये नव्या गाडीची मर्यादा ५० ते ७० दिली होती. ९० म्हणजे तिच्या बाहेर. आज्जीच्या घराचे दोन किलोमीटर चिखलाचे, पण तिथपर्यंतचा सगळा रस्ता डांबराचा, वळणांचा आणि वर्षातले चार महिने ओला. घट्ट एलएसडीची गाडी ओल्या वळणावर मुकाट सरळ जायला बघते, आणि तिथे ॲक्सिलरेटर दिला तर मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात. साध्या डिफरन्शियलमध्ये निदान एक चाक धरून ठेवतं. ही गाडी महिन्यातून आठ दिवस माझी बायको चालवते. ती एरवी साधी हॅचबॅक चालवते. गाडीचा स्वभाव तिला न सांगता बदलणं मला बरोबर वाटलं नाही, आणि सांगून बदलायची गरज नव्हती. कंपनीच्या इंजिनिअरांनी दोन प्लेटा शेजारी ठेवल्या त्या उगाच नव्हेत. मेस्त्रींनी खांदे उडवले आणि कंपनीच्याच क्रमाने गठ्ठा रचला. पूर्णवेळ शेतात किंवा स्पर्धेत चालणारी गाडी असती तर मी त्यांच्या बाजूने मत दिलं असतं.

कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मूळ तपशीलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. झिजलेला भाग कंपनीने दिलेल्या मर्यादेत परत आणणं ही दुरुस्ती झाली. मर्यादेबाहेर नेलं की अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर तुम्हाला बरंच समजावून सांगावं लागेल.

जोडणीत वेळ गेला तो बॅकलॅश बघण्यात. क्राऊनच्या दातावर डायल गेज लावून हलकेच पुढे-मागे हलवायचं. मॅन्युअलच्या मर्यादेत ०.१५ मिलिमीटर आला. मग दात्यांना पिवळी पेस्ट लावून फिरवलं आणि ठसा दाताच्या मध्यावर उमटतोय ना ते पाहिलं. क्राऊनचे बोल्ट थ्रेडलॉकर लावून, तारेसारखे आडवे-उभे, टॉर्क पान्यानेच आवळायचे. इथे "हाताच्या अंदाजाने" चालत नाही, मेस्त्रींचा हात कितीही जाणता असला तरी. हे त्यांच्यासमोर बोललो नाही. पाना पुढे केला.

जोडल्यावर आकडा आला ६२.

नव्याने रचलेल्या गठ्ठ्याला सवय लावावी लागते. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात गाडी इंग्रजी आठच्या आकड्यात, सावकाश, अर्धा तास फिरवली. डावं वळण, उजवं वळण, मध्ये हलका ॲक्सिलरेटर, थोडं थांबून गार होऊ देणं. क्रिकेट खेळणारी पोरं लायसन्सची परीक्षा आहे समजून टाळ्या वाजवत होती. पाचशे किलोमीटरनंतर ते तेल काढून टाकलं, कारण त्यात प्लेटांची पहिली भुकटी असते. ताजं तेल भरून पुन्हा मोजलं, ५७. तिथे तो स्थिरावला आहे.

खर्च असा: सील, गॅस्केट आणि सीलंट १,४५०, दोन वेळचं एलएसडी तेल ४,८००, पत्रा, वायरकट आणि घासकाम २,२००, मेस्त्रींची मजुरी ४,५००, थ्रेडलॉकर, पेस्ट, रॉकेल वगैरे ६५०. एकूण १३,६००. यात माझे तीन रविवार धरलेले नाहीत, ते मी स्वतःकडूनच उधार घेतले.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक असेल. तिचं डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असतं. त्यात एलएसडी घालायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं, आणि तिथे बजेट हा शब्द विसरावा. अलीकडच्या बऱ्याच गाड्या फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक आपोआप दाबून तेच काम सॉफ्टवेअरने करतात. (आमच्या जातभाईंचं हे काम मला आवडतं.) ते नसेल तर पैसे चांगल्या टायरांत घाला. चिखलात हवा वीसपर्यंत उतरवा आणि डांबरावर येताच भरा.

मागची चाकं चालवणाऱ्यांसाठी एक फुकटची युक्ती आहे: एक चाक फिरायला लागलं की हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हलका ॲक्सिलरेटर द्या. हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांवर लागतो. सुटलेल्या चाकाला त्यामुळे विरोध मिळतो आणि समान वाटणीच्या त्याच हट्टाने दुसऱ्या चाकाला वाढीव पीळ जातो. साध्या डिफरन्शियलमध्ये याचा उपयोग बेताचा, पण एलएसडीमध्ये तिरप्या खाचा त्या पिळाला गुणतात, म्हणून फरक चांगलाच जाणवतो. ओढ्याच्या त्या चढावर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आज्जीला गाडीत न बसवता, मी दोन्ही प्रकारे चढून पाहिलं. एकदा नुसतं, एकदा हँडब्रेकचे दोन दात ओढून. पहिल्या वेळी डावं चाक क्षणभर सुटलं आणि मग उजव्याने उचललं. दुसऱ्या वेळी तेवढंही झालं नाही. काका छत्री घेऊन वर उभे होते. ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्याला चहा पाजून परत पाठवला.

पत्र्यातून शिमांच्या आणखी दोन जोड्या निघाल्या होत्या. त्या मेस्त्रींनी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवल्यात. गेल्या आठवड्यात तसलीच गाडी असलेला एक जण येऊन त्यांना विचारून गेला. त्याची गाडी दोन वर्षं जुन्या बनावटीची आहे. तिची मॅन्युअल शोधायचं काम आता माझ्याकडे आलंय, आणि ती सापडेपर्यंत शिमांना हात लावायचा नाही, असं मेस्त्रींनीच त्याला सांगितलं.